आधी डोळा, मग जीभ

चुडावा, ता. पूर्णा, जि. परभणी

चि. भाऊस,


परवा फोनवर तू विचारलंस, "आक्का, पुढच्या साली सामन्यांना बोलू का नको?" तेव्हा मी विषय बदलला. फोनवर उत्तर दिलं असतं तर तू मधेच बोलायला लागला असतास, आणि तुझ्या आवाजापुढं माझं म्हणणं राहून गेलं असतं. म्हणून हे पत्र. सावकाश वाच.

उत्तर आधीच देते, म्हणजे जीव टांगणीला राहणार नाही. कबड्डीतल्या चालू चढाईचं धावतं वर्णन तू आता सोडावंस. मैदान सोडू नकोस, मंडपातली जागाही सोडू नकोस. पण चढाई सुरू असताना ज्याच्या तोंडाशी माइक असतो ती पहिली खुर्ची पुढच्या सालापासून दुसऱ्याला दे. असं का म्हणते ते सांगायला बाकीचं पत्र आहे.

आपल्या लहानपणी गावात कबड्डीचे सामने लागले की तुम्ही पोरं मैदानावर पळायचात आणि आम्ही मुली ओसरीवर. तिकडं फिरकायची आम्हाला सोय नव्हती. पुढं मला गावातल्या गावातच दिली, शाळेत मास्तरीण झाले, तरी ती रीत लवकर सुटली नाही. मग तू माइक धरलास आणि कर्ण्यातून तुझा आवाज घरात यायला लागला. भाकरी थापता थापता मला कळायचं, कोणता गडी मध्यरेषा ओलांडून गेला, निदानरेषा पार केली का नाही, डाव्या कोपऱ्यात कोण दबा धरून बसलंय. मैदान मी पाहिलं नव्हतं, पण ते मला पाठ होतं.

मैदानावर बसलेल्यांना तुझी गरज तशी कमीच. त्यांना दिसतं. तुझी खरी गरज असते ती कर्ण्याच्या टप्प्यात घरी बसलेल्यांना. खाटेवरचा म्हातारा, बाळंतीण, गोठ्यात धार काढणारा गडी, मी. मैदानावरच्यांनी तुझी चूक पाहिली तर ते आपसात बोलतात आणि विसरतात. आमच्यासाठी मात्र तू सांगशील तेच घडलेलं असतं. म्हणून तुझ्या आवाजात काय बदललं हे मंडपातल्या पंचांपेक्षा मला आधी कळलं, आणि ते सांगणं माझं काम आहे असं मी समजते.

पूर्वी आधी तुझा आवाज यायचा आणि मागून लोकांचा गलका. गड्याचा हात लागायच्या आतच तुला त्याच्या खांद्यावरून कळायचं की हा आता झेपावणार. तू श्वास घ्यायचास, आणि तो श्वाससुद्धा कर्ण्यातून ऐकू यायचा. यंदा आधी गलका आला, मग तू. एकदा नाही, रात्रभर. लोक ओरडले की तू ठरवायचास काय झालं असेल, आणि तसं सांगायचास. बहुतेक वेळा ते बरोबरही निघालं, कारण तुझा अनुभव दांडगा आहे. पण ते पाहिलेलं नव्हतं, ताडलेलं होतं.

दुसरी गोष्ट लिहिताना हात जड होतो. चढाईला पोरगा गेला आणि तू त्याच्या बापाचं नाव घेतलंस. बापही तसाच वाकून चढाई करायचा, तशीच उजवी बाजू धरायचा, हे मलाही आठवतं. बाप आता नाही. त्या घरातली बाई माझ्या शेजारीच बसली होती. ती काही बोलली नाही, मीही बोलले नाही. तू पुढं दोन चढायांनंतर पुन्हा तेच नाव घेतलंस.

आणि तिसरी. चढाईला तीस सेकंद मिळतात. त्या तीस सेकंदांत तू एका जुन्या सामन्याची हकिकत सुरू केलीस. हकिकत गोड होती, पण ती संपेपर्यंत इकडं पकड होऊन गेली होती. डोळ्याला दिसेना की जीभ आठवणीतलं उचलून देते. म्हातारपणी आपल्या सगळ्यांचं हे होतं. मी घरात बसून दहा जणांना जुन्या गोष्टी सांगते, त्यानं कुणाचं बिघडत नाही. तुझ्या जागेवर बिघडतं.

नवे नियम तुला जमले नाहीत, असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. तिसरी चढाई 'करा नाहीतर बाद' कधी होते, राखणीला तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना केलेल्या पकडीला जादा गुण कसा मिळतो, हे तू पोरांच्या बरोबरीनं शिकलास आणि आम्हा बायकांना कळेल असं समजावून सांगितलंस. अक्कल तुझी शाबूत आहे. मी बोलतेय ते नजरेबद्दल, आणि नजरेपासून जिभेपर्यंत जायला लागणाऱ्या वेळेबद्दल.

तू म्हणशील, लोकांनी तर काही म्हटलं नाही. विजय मर्चंट यांच्या नावावर एक बोल सांगतात, की लोक 'का जातोस' म्हणतात तोवर जावं, 'का जात नाहीस' म्हणायची वेळ आणू नये. मर्चंट तसेच गेले. १९५१ साली दिल्लीला इंग्लंडविरुद्ध १५४ धावा केल्या, त्यांच्या कसोटीतल्या सर्वांत जास्त धावा, आणि त्यानंतर ते कसोटी खेळले नाहीत. खांद्याची दुखापत होती हेही खरं. गावसकर १९८७ ला बंगळुरूला पाकिस्तानविरुद्ध शेवटच्या कसोटी डावात ९६ काढून गेले. पण भाऊ, हा बोल खेळाडूचा आहे, बोलणाऱ्याच्या कामाचा नाही. खेळाडूच्या धावा फलकावर लागतात, त्याला लपायला जागा नसते. तुझ्या चुका कुठल्याच फलकावर लागत नाहीत. आणि आपल्याकडं पिकल्या केसांच्या माणसाच्या हातून माइक काढून घेणं लोकांना पाप वाटतं. ते तुला कधीच 'आता बास' म्हणणार नाहीत. नारळ देतील, फेटा बांधतील आणि मागं वळून हळूच बोलतील. म्हणून लोकांच्या विचारण्याची वाट पाहिलीस तर ती वेळ तुझ्यापर्यंत पोचणारच नाही. हे ज्याचं त्यालाच ठरवावं लागतं.

वयाचा आकडा मात्र मी मधे आणत नाही. गावसकरच घे. जन्म १९४९ चा. २०२४ च्या डिसेंबरात मेलबर्नला ऋषभ पंत आडवातिडवा फटका मारून बाद झाला तेव्हा ते केवढे चिडले, सगळ्यांनी ऐकलं. पुढच्या जूनमध्ये लीड्सला त्याच पंतनं शतक ठोकलं तर तितक्याच भरात त्याचं कौतुक केलं. पंचाहत्तरी गाठलेला माणूस, पण राग ताजा, आनंद ताजा, आणि दोन्ही समोर दिसलेल्या गोष्टीचे. असं बोलणाऱ्यानं जावं असं कोण म्हणेल? पण त्यांच्यापुढं पडदा असतो, घडलेलं पुन्हा हळू करून दाखवतात, शेजारी दुसरा समालोचक बसलेला असतो, आकडे पुरवायला माणूस असतो. तुझ्यापुढं धूळ, हॅलोजनचा झगझगाट आणि नावांची घडी पडलेली चिठ्ठी. त्यांच्याशी तुलना करून स्वतःला फसवू नकोस.

जाण्याच्या रीती कशा असतात हे सांगते, कारण तुझ्या मनात 'जाणं म्हणजे अपमान' असं घर करून बसलंय.

आपल्या देशात रेडिओवरून क्रिकेट सांगणाऱ्यांतलं अगदी सुरुवातीचं मोठं नाव बॉबी तल्यारखान. एकटेच बोलायचे, दिवसभर, दुसऱ्याला माइक देत नसत. १९४८-४९ ला वेस्ट इंडिजचा संघ आला तेव्हा आकाशवाणीनं तीन समालोचक बसवायचं ठरवलं. त्यांना ते मानवलं नाही आणि त्यांनी माइक सोडला. एवढा मोठा माणूस, पण खुर्ची वाटून घ्यायची नाही म्हणून उठला. हा रस्ता तुझ्याही स्वभावात आहे, म्हणून आधी त्याचंच नाव घेतलं. रागानं उठू नकोस.

इंग्लंडात जॉन आर्लट होते. १९८० साली लॉर्ड्सवर इंग्लंड-ऑस्ट्रेलियाचा शताब्दी कसोटी सामना झाला, तो त्यांचा शेवटचा. वय ६६, आवाज अजून भरदार. आपली पाळी संपली तेव्हा त्यांनी भाषण केलं नाही. षटक संपलं, पुढं कोण बोलणार त्यांची नावं सांगितली आणि उठले. मैदानावरच्या कर्ण्यातून लोकांना ते कळलं तेव्हा अख्खं लॉर्ड्स टाळ्या वाजवायला लागलं. ऑस्ट्रेलियाचे खेळाडू टाळ्या वाजवत होते, फलंदाजी करणाऱ्या बॉयकॉटनं हातमोजे काढून टाळ्या वाजवल्या. मला यातलं सर्वांत मोलाचं काय वाटतं सांगू? त्यांच्या तोंडचे शेवटचे शब्द दुसऱ्याचं नाव घेणारे होते.

रिची बेनो २००५ च्या सप्टेंबरात ओव्हलवर इंग्लंडातल्या प्रेक्षकांचा निरोप घेत होते. आभाराची वाक्यं अर्ध्यात होती आणि तेवढ्यात मॅकग्रानं पीटरसनचा त्रिफळा उडवला, १५८ वर. बेनोंनी आपला निरोप तिथंच थांबवला, झालं ते नेमकं सांगितलं, आणि मग राहिलेलं वाक्य पुरं केलं. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस स्वतःच्या निरोपाच्या क्षणीसुद्धा पाहत होता. अशी नजर असेल तर आणखी दहा वर्षं बस, मी हरकत घेणार नाही. ते स्वतः ऑस्ट्रेलियात पुढंही बोलत राहिले.

फुटबॉलवाल्यांचंही तसंच. ब्रायन मूर १९९८ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना सांगून थांबले. जॉन मॉट्सन १९६८ पासून बीबीसीत, २०१८ ला ७२ व्या वर्षी उठले. मार्टिन टायलरांचा आवाज आपल्याकडची पोरंसुद्धा ओळखतात, अगुएरोच्या २०१२ मधल्या त्या शेवटच्या मिनिटातल्या गोलसाठी. त्यांनीही ७७ व्या वर्षी, २०२३ मध्ये, स्कायची खुर्ची सोडली. आणि अमेरिकेत बेसबॉल सांगणारे विन स्कली १९५० पासून २०१६ पर्यंत एकाच संघासाठी बोलले, थांबले तेव्हा ८८ वर्षांचे होते. पण ते एकदम थांबले नाहीत. शेवटच्या वर्षांत लांबचे दौरे सोडले, घरच्या मैदानावरचे आणि जवळपासचे सामने ठेवले. हे मला फार शहाणपणाचं वाटतं. आधी कमी करायचं. तू मात्र गेल्या काही सालांत उलट केलंस. वसमतपासून गंगाखेडपर्यंत जिथून बोलावणं आलं तिथं गेलास, रात्री-बेरात्री मोटारसायकलच्या मागं बसून. कुणी बोलावतंय तोवर आपण आहोत, असं तुला वाटतंय. वहिनी गेल्यापासून हे वाढलं, तेही मला ठाऊक आहे. घरात बोलायला कुणी नाही आणि मैदानावर हजार माणसं ऐकतात. ही गोष्ट लहान नाही, आणि त्याबद्दल मी तुला बोल लावत नाही.

आता आपल्या माणसाचं. बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन लागलं की तू रेडिओला चिकटून बसायचास. स्वतः क्रिकेट खेळलेला माणूस, आणि मराठीतून क्रिकेट सांगण्याची वाट त्यांनी पाडली. तोवर मैदानातली भाषा इंग्रजी, फार तर हिंदी. परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या पोराला आपल्या बोलीत खेळ सांगता येतो ही हिंमत तुला त्यांच्या आवाजानं दिली, हे तूच मला सांगितलंस. वि. वि. करमरकरांनी महाराष्ट्र टाइम्समध्ये कबड्डी-खोखोला मानाची जागा दिली, तेव्हा ती पानं कापून तू वहीत चिकटवायचास. म्हणजे तुझ्या आवाजात आधीच कितीतरी जणांचे आवाज आहेत. तो तू एकट्यानं उभा केला नाहीस, मग तुझ्याजवळच संपू का देतोस?

मराठी बोलणाऱ्याला आता पूर्वी नव्हती एवढी संधी आहे. २०२३ पासून आयपीएलसुद्धा मोबाइलवर मराठीतून ऐकता येतं. त्या पहिल्याच साली आपला केदार जाधव मराठीत समालोचन करता करता बंगळुरूच्या संघात खेळायला गेला, ही बातमी तूच हौसेनं सगळ्यांना सांगत होतास. प्रो कबड्डी २०१४ ला सुरू झाली तेव्हापासून पोरांना चढाई-पकडीची भाषा तोंडपाठ आहे. कोल्हापूरकडं कोथळीच्या शंकर पुजाऱ्यांनी कुस्तीच्या निवेदनाला केवढा मान मिळवून दिला ते पाहा. आपल्या पूर्णा तालुक्यातून असं कुणी निघायचं असेल तर त्याला आधी गावच्या मंडपात बसायला मिळालं पाहिजे. ती जागा तू अडवून बसला आहेस. शब्द कडक आहे, पण खोटा नाही.

कुणाला द्यायची हेही मी पाहून ठेवलंय. यंदा पोरींच्या सामन्याआधी जिच्या हाती तू नावं वाचायला माइक दिलास, ती. बारावीला आहे, शाळेच्या संघात उजवा कोपरा खेळते. तिनं नावं वाचली तेव्हा मी हातातलं काम ठेवून ऐकत होते. आवाज बारीक आहे, पण उच्चार स्वच्छ. एका पोरीच्या पायाची पट्टी सुटलेली तिला दिसली, तिनं तिथल्या तिथं सामन्याच्या सरपंचांना सांगितलं. तू पाहिलं नव्हतंस. पुढं पुरुषांचे सामने लागले आणि तू माइक परत घेतलास. ती मंडपाच्या मागं उभी राहून ओठातल्या ओठात प्रत्येक चढाई बोलत होती. हे मला त्या बाईनं सांगितलं जिच्याबद्दल वर लिहिलंय, ती शेवटी उठून मैदानावर गेली होती.

पुरुषांचे सामने पोरीनं बोलायचे का, असा प्रश्न गावात निघेल. काढणाऱ्यांना तू उत्तर दे. तू म्हणालास तर ऐकतील, मी म्हणाले तर म्हातारी बडबडते म्हणतील. तुझा जो मान आहे तो खर्च करायची ही जागा आहे. तिच्या बापाशी मी बोलले आहे. रात्री दहाच्या पुढं घरी सोडायला कुणीतरी घरचं हवं एवढीच त्याची अट आहे, आणि ती रास्त आहे.

तू तिच्या शेजारी दुसऱ्या खुर्चीवर बस. तिथं बसणं हे पहिल्या खुर्चीपेक्षा अवघड आहे, हे आधीच सांगून ठेवते. चढाई चालू असताना तोंडातून शब्द काढायचा नाही. तिनं नाव चुकवलं तरी माइकवर दुरुस्त करायचं नाही, चिठ्ठीवर लिहून पुढं सरकवायचं. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, मधे पाच मिनिटं विश्रांती. ती पाच मिनिटं तुझी. संघानं थांबा मागितला की ती वेळ तुझी. लोण बसला आणि राखणीचे सातही गडी पुन्हा उभे राहू लागले की तेवढा वेळ तुझा. तेव्हा सांग, या पोराचा बाप कसा वाकून चढाई करायचा, माती कशी भिजवून दाबायचे, मॅट नव्हती तेव्हा गुडघे कसे सोलायचे. तेव्हा तेच नाव, जे यंदा चुकीच्या जागी आलं, योग्य जागी येईल आणि त्या घरातल्या बाईला ऐकायला बरं वाटेल. तुझ्याजवळ जे आहे ते त्या पोरीजवळ पुढची तीस वर्षं येणार नाही. पण ते चढाईच्या तीस सेकंदांत मावत नाही, त्याला विश्रांतीच लागते.

एक गोष्ट मात्र आधी करायची. डोळे दाखव. मोतीबिंदू असेल तर काढून घे, नजर पुष्कळ परत येते. तरी शस्त्रक्रिया झाली की पुन्हा पहिल्या खुर्चीवर जायचं, असा हिशेब मनात धरू नकोस. डोळे सुधारतील, पण दिसल्यापासून बोलण्यापर्यंतचा जो उशीर झालाय तो डॉक्टरच्या हातात नाही. तुला पटत नसेल तर कुणाला तरी सांगून एखादा सामना मोबाइलवर टिपून घे, आणि घरी डोळे मिटून ऐक. गलका आधी का तू आधी, तुझं तुलाच ऐकू येईल. माझ्या सांगण्यावर जाऊ नकोस.

सामने भरवणाऱ्या मंडळाला तू स्वतः सांग, तारखा ठरायच्या आत. निरोपाचा कार्यक्रम करू देऊ नकोस. शाल-श्रीफळ घेतलंस की लोक समजतात माणूस संपला, आणि तुला तर तिथंच बसायचं आहे. पहिल्या रात्री पहिल्या सामन्याआधी माइक हातात घे, तिचं नाव सांग, तिच्या शाळेचं नाव सांग, आणि माइक तिच्या हातात दे. त्याहून जास्त बोलायची गरज नाही.

पुढच्या सोमवारी परभणीहून सकाळच्या पॅसेंजरनं निघ आणि चुडाव्याला उतरू नकोस, डब्यातच बस. मी स्टेशनवर येते, तिथून आपण दोघं नांदेडला डोळ्यांच्या डॉक्टरकडं जाऊ. उपाशी येऊ नकोस, मी दशम्या घेते. परत येताना रात्री इथंच राहा. पोरगी संध्याकाळी घरी येणार आहे, तिला तालुक्यातल्या संघांची नावं उतरवून घ्यायची आहेत. येताना तुझी वही घेऊन ये.

तुझी,
आक्का